ऑटोमॅटिक गाडी घाटात नेताय? गिअरबॉक्सचं तापमान कमी खर्चात असं बघा

ईद किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मुंब्रा, कुर्ला, पुणे, कोल्हापूर इथली आपली अनेक कुटुंबं कोकणात गावी निघतात. गाडीत सात माणसं, वर कॅरिअरवर बॅगा, एसी चालू आणि पुढे कुंभार्ली नाहीतर आंबा घाट. आता बऱ्याच घरांत ऑटोमॅटिक गाडी आली आहे, तीही अनेकदा सेकंडहँड. इंजिन तापलं तर डॅशबोर्डवर काटा चढतो किंवा लाल दिवा लागतो. गिअरबॉक्स किती तापलाय हे मात्र बहुतेक गाड्या दाखवत नाहीत. दिवा लागतो तो पार शेवटी. तोवर नुकसान झालेलं असतं आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं की घरचं बजेट कोलमडतं. म्हणून तापमान दाखवणारं मीटर स्वस्तात कसं बसवायचं, ते बघू.

आधी गाडी ओळखा

ऑल्टो, वॅगनआरसारख्या छोट्या गाड्यांतली ऑटोमॅटिक बहुधा एएमटी असते. म्हणजे आतला गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. तिथे हे मीटर बसवणं म्हणजे पैसे वाया. डीसीटी गाडीत कोरडा क्लच असेल तर खरी काळजी क्लचची, तेलाची नाही. मीटरचा खरा उपयोग टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी या दोन प्रकारांत. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

तेल तापलं की काय होतं?

या गिअरबॉक्सचं तेल नुसतं वंगण नसतं. त्याच्याच दाबावर गिअर बदलतात आणि आतली उष्णताही तेच बाहेर नेतं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियस हे नेहमीचं तापमान. त्यापुढे दर १० अंशांमागे तेलाचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशोब आहे. ११५ च्या वर तेल चिकट थर धरू लागतं, १३० च्या आसपास रबरी सील कडक होतात आणि १५० कडे गेलं की क्लच प्लेटा घसरू लागतात.

सर्वात स्वस्त मार्ग: ओबीडी डोंगल

स्टिअरिंगखाली एक १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ डोंगल लावून मोबाईलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाकायचं. काहीशे रुपयांपासून डोंगल मिळतं, वायर कापावी लागत नाही. पण एक मेख आहे. इंजिनचं तापमान बहुतेक सगळ्या डोंगलवर दिसतं, गिअरबॉक्सचं मात्र प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या कोडमध्ये असतं. म्हणून विकत घेण्याआधी ओळखीच्या मेकॅनिककडचं डोंगल लावून आपल्या गाडीत आकडा येतो का ते पाहा. आयफोन असेल तर त्यावर चालणारंच डोंगल घ्या. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर ते काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते.

डोंगलवर आकडा आला नाही तर

मग काट्याचं इलेक्ट्रिक मीटर आणि सेन्सर. सेन्सर दोन ठिकाणी बसतो: गिअरबॉक्समधून कूलरकडे जाणाऱ्या गरम पाइपवर टी-जोड टाकून, किंवा तेलाच्या चेंबरला आटे असलेला तुकडा वेल्डिंग करून. चेंबर खोलूनच हे काम करा. लावलेल्या चेंबरला भोक पाडलं तर लोखंडाचा चुरा आत जातो.

काम देताना एवढं सांगा:
- मीटरला करंट चावी फिरवल्यावर येणाऱ्या वायरीतूनच, मध्ये छोटा फ्यूज.
- एका वायरीच्या सेन्सरला अर्थिंग त्याच्या आट्यांतून मिळतं. टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली तर आकडा चुकतो.
- वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्या.
- बसवण्याआधी सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरा, त्याच्या धातूच्या अंगाला अर्थ द्या. काटा १०० च्या आसपास आला पाहिजे.

गाडी वॉरंटीत असेल तर कापाकापी, वेल्डिंग नको. क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आकडा चढला तर

चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. तेल तापायचं ते मोठं कारण. घाटात खालचा गिअर किंवा मॅन्युअल मोड वापरा. आकडा १२० कडे गेला तर सुरक्षित जागी थांबा, गाडी पीमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, एसी बंद करा आणि इंजिन चालू ठेवा. त्यामुळे तेल कूलरमधून फिरत राहतं. मात्र इंजिनचाच लाल दिवा लागला किंवा खाली तेल गळताना दिसलं तर इंजिन लगेच बंद करा.

गाडी चालवताना मोबाईलकडे बघत बसू नका. शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. आणि रिकाम्या गाडीतला रोजचा आकडा वहीत लिहून ठेवा. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच ओझ्यात तो पुढे १०-१५ अंशांनी जास्त येऊ लागला, तर सुट्टीची वाट न बघता तेल आणि कूलर तपासून घ्या. तेल बदलायचा खर्च गिअरबॉक्स खोलण्यापेक्षा कधीही कमीच.