शिनाण्याची पकड, सोयाबीनचा गोंद

चिखली तालुक्यातल्या उंद्रीकडे खरिपात शिवारंच्या शिवारं सोयाबीनची. सोंगणी-मळणी झाली की माल बाजार समितीत जातो, त्याचं तेल निघतं आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात संपते. याच सोयाबीनपासून पाण्याला दाद न देणारा प्लायवूडचा गोंद होतो, आणि त्याची युक्ती समुद्रातल्या एका शिंपल्याकडून मिळाली आहे.

कोकणात त्याच्या भाऊबंदांना शिनाणे म्हणतात. शिंपला किंचित उघडून हा जीव जिभेसारखा पाय बाहेर काढतो, खडकावर टेकवतो आणि पायाच्या खाचेत प्रथिनांचा रस सोडतो. काही मिनिटांत रस घट्ट होऊन धागा बनतो. धाग्याच्या टोकाची चकती खडकाला चिकटलेली. असे अनेक धागे लाटांचा मारा सोसतात. त्या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, म्हणून ओल्या खडकावरही पकड बसते. शिनाण्याची ही गोष्ट आपल्या शेतापर्यंत येते, म्हणून ती मला मोलाची वाटते.

ओरेगन स्टेट विद्यापीठातले कायचांग ली यांनी तिथल्या किनाऱ्यावर हे शिंपले पाहिले. सोयापिठाचा गोंद तसा जुनाच. 1920च्या दशकापासून अमेरिकेत प्लायवूडसाठी तो वापरत. पण पाणी लागलं की थर सुटत, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनांनी त्याला मागे सारलं. शिंपल्याच्या प्रथिनाचे गुण सोयाप्रथिनात कसे आणता येतील, याचा ली यांनी पिच्छा पुरवला. शेवटी बाजारात आला तो सोयापीठ आणि एका रेझिनचा गोंद. ओला कागद फाटू नये म्हणून कागद गिरण्या वापरतात, तेच हे रेझिन. गरम दाबाखाली दोघांची घट्ट वीण जमते. कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स या कंपनीने त्या गोंदाने प्लायवूड काढलं आणि 2007 साली या कामाला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा अध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

या गोंदाने जे फॉर्मल्डिहाइड टळतं, ते माणसाला कर्करोग देतं, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला. प्लायवूड कापताना ते दिवसभर हुंगणारा सुतार आपल्याच गावातला असतो.

विदर्भातल्या तेलगिरण्यांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी पेंडीच्या भावाची वाट पाहण्यासोबत गोंदासाठी लागणाऱ्या सोयापिठाचाही हिशेब एकदा मांडावा. कच्चा माल दारात आहे.