डिंक-बायक्रोमेट मुद्रणातील खळ
डिंक-बायक्रोमेट मुद्रणातील खळ : छायाचित्र छापण्यापूर्वी कागदाची रंध्रे जिलेटिनाने बुजविण्याची क्रिया. पोटॅशियम डायक्रोमेट व रंगद्रव्य मिसळलेला डिंक प्रकाशाने अविद्राव्य होतो. प्रकाश न लागलेला पाण्यात सुटतो. खळ अपुरी असल्यास रंग तंतूंत शिरून शुभ्र भाग डागाळतात. कागद आधी कढत पाण्यात भिजवून आकसू देतात, मग सु. ३ टक्के जिलेटीन देऊन ते क्रोम तुरटीने कठीण करतात. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात जिलेटिनाला बुरशी येते, शिवाय दमट हवेत लेप अंधारातही कठीण होऊ लागतो. तेथे हे काम हिवाळ्यातच करणे इष्ट. धुवणातील षट्संयुजी क्रोमियम कर्ककारक असते. ते पाणी उल्हास वा पाताळगंगेला मिळणाऱ्या ओढ्यांत न सोडता अम्लयुक्त हिराकसाने त्यातील क्रोमियम त्रिसंयुजी करून चुन्याने खाली बसवावे लागते.