बसते ते जुळतेच असे नाही

संगणकावर खेळ खेळण्याची आवड असलेली बरीच मुले तयार संगणक घेण्याऐवजी सुटे भाग आणून तो घरीच जोडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत असे भाग मिळतात. जोडणीचे काम फारसे कठीण नाही; एक स्क्रू ड्रायव्हर आणि थोडी सबुरी पुरते. कठीण असते ती निवड. ती चुकली तर काही हजार रुपये वाया जातात आणि कधी कधी चांगला भाग जळूनही जातो. म्हणून दोन भाग एकमेकांशी जुळतात म्हणजे नेमके काय होते, ते आपण पाहू या.

वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग एकत्र काम करतात ते प्रमाणीकरणामुळे. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्याच्या रचनेची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध केली. त्यामुळे त्याला जोडता येतील असे भाग इतरांनाही बनवता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण मांडले. एटीएक्स मदरबोर्डाची मापे ३०५ व २४४ मिलिमीटर असतात आणि स्क्रूच्या छिद्रांच्या जागाही ठरलेल्या असतात.

आकार जुळणे ही मात्र केवळ पहिली पायरी होय. भाग विजेच्या दृष्टीने जुळावा लागतो, आणि त्याच्या संकेतांची भाषाही समोरच्या भागाला कळावी लागते. स्मृतीची पट्टी म्हणजे रॅम घ्या. डीडीआर४ व डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ स्पर्शबिंदू असतात आणि लांबीही सारखीच दिसते. परंतु पहिली १.२ व्होल्टवर चालते, तर दुसरी १.१ व्होल्टवर. शिवाय दुसरीत विद्युतदाबाचे नियमन पट्टीवरच होते, पहिलीत ते मदरबोर्डावर होते. एकीच्या जागी दुसरी बसू नये म्हणून कडेची खाच मुद्दाम थोडी सरकवलेली असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये, असे ती खाच आपल्याला सांगत असते.

प्रत्येक ठिकाणी अशी खाच असतेच असे नाही. २०१७ च्या अखेरीस आलेले इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आधीच्या दोन पिढ्यांप्रमाणेच ११५१ स्पर्शबिंदूंचे होते. जुन्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये ते बसत, पण चालत नसत. म्हणूनच बोर्ड घेण्यापूर्वी उत्पादकाने दिलेली प्रोसेसरांची यादी पाहावी. बोर्डावरील बायॉसची कोणती आवृत्ती लागेल, हेही त्या यादीत दिलेले असते.

सर्वांत धोक्याची जागा आहे एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. काही डब्यांच्या तारा दोन्ही टोकांना सोडवता येतात. संगणकाच्या भागाकडील टोकाचे प्रमाण ठरलेले आहे. डब्याकडील टोकाचे नाही. एका डब्याची तार दुसऱ्या डब्यात अचूक बसू शकते, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट येऊन डिस्क जळू शकते. ज्या डब्याबरोबर तार आली, त्यालाच ती लावावी.

आता विजेचा हिशेब करू. समजा, प्रोसेसर १२५ वॅट, ग्राफिक्स कार्ड २२० वॅट आणि उरलेले भाग ६० वॅट घेतात. एकूण ४०५ वॅट झाले. ग्राफिक्स कार्डाची मागणी क्षणभर याहून बरीच वाढते, म्हणून सहाशे वॅटच्या आसपासचा डबा योग्य ठरेल. कार्डाला बोर्डावरील खोबणीतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात आणि आठ टोकांच्या एका जोडणीतून १५० वॅट. बेरीज २२५, म्हणजे येथे एक जोडणी पुरते. ही सारी वीज अखेर उष्णतेत बदलते. म्हणून पेटीत हवा खेळती हवी, आणि कार्डाची लांबी व पंख्याची उंची पेटीत मावली पाहिजे.

शेवटी वेग. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. चित्रात काय घडते ते प्रोसेसर ठरवतो आणि कार्ड ते रेखाटते. स्वयंपाकघरात एकीने पोळ्या लाटाव्यात आणि दुसरीने भाजाव्यात, तसेच हे आहे. लाटायला एक मिनिट आणि भाजायला दोन मिनिटे लागत असतील, तर तासाला तीसच पोळ्या होणार. लाटणारीने हात कितीही भरभर चालवला तरी फरक पडणार नाही. त्याचप्रमाणे प्रोसेसरला ८ आणि कार्डाला २० मिलिसेकंद लागत असतील, तर सेकंदाला ५० चित्रेच मिळतील. येथे महागडा प्रोसेसर घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. म्हणून आधी खेळ आणि पडदा ठरवावा. मग कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, स्मृती, वीजपुरवठा आणि सर्वांत शेवटी पेटी.

शाळेत एखादा निकामी डबा असेल तर त्यावरील लेबल वर्गात वाचून घ्यावे. १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअरचा आकडा १२ ने गुणला की त्या बाजूने मिळणारे वॅट कळतात. मोठ्या अक्षरांत छापलेल्या एकूण वॅटशी त्यांची तुलना विद्यार्थ्यांनीच करावी. डबा मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.