विनामूल्य स्वरसंश्लेषक

तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ एका स्वरात मिळविल्या, म्हणजे त्यांच्या नादात एक मंद हेलकावा ऐकू येतो. तारा अगदी बरोबर जुळल्या की हा हेलकावा नाहीसा होतो. एका तारेची कंपनसंख्या सेकंदाला २२० आणि दुसरीची २२१ असेल, तर नाद दर सेकंदाला एकदा वाढतो व एकदा मंदावतो. पदार्थविज्ञानात या आविष्काराला ‘विस्पंद’ म्हणतात. हाच आविष्कार आता शाळेतील साध्या संगणकावरही घडवून आणता येतो. त्यासाठी लागणारे वाद्य संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपात असते, आणि त्याला मोल पडत नाही. अशा वाद्यास सिंथेसायझर, म्हणजेच स्वरसंश्लेषक, असे नाव आहे.

संश्लेषकाचा इतिहास स्वस्ताईचा नाही. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून स्वरनिर्मिती करविली, तेव्हा तो संगणक मोठ्या संस्थांनाच परवडण्याजोगा होता. १९६४ मध्ये रॉबर्ट मूग यांनी विद्युद्दाबाने नियंत्रित होणारा संश्लेषक तयार केला. त्याचे निरनिराळे भाग तारांनी एकमेकांस जोडावे लागत, आणि त्याची किंमत हजारो डॉलरांच्या घरात जाई. १९७० मध्ये आलेला मिनीमूग आकाराने लहान होता. तरीही सामान्य विद्यार्थ्याला तो दुकानाच्या काचेआडूनच पाहावा लागे. पुढे संगणक वेगवान झाले. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली ‘व्हीएसटी’ नावाची जोडणीची पद्धत प्रसिद्ध केली. १९९९ पासून या पद्धतीने वाद्येदेखील ध्वनिमुद्रणाच्या आज्ञावलीस जोडता येऊ लागली. संश्लेषकाला आता लाकूड, धातू व तारा यांची गरज उरली नाही.

या परंपरेतील एक नमुनेदार वाद्य म्हणजे ‘सिंथ-वन’ होय. इचिरो तोदा या जपानी आज्ञावलीकाराने ते २००२ च्या सुमारास विनामूल्य उपलब्ध करून दिले. स्वीडनच्या क्लाव्हिया कंपनीचा ‘नॉर्ड लीड २’ हा तांबड्या रंगाचा संश्लेषक त्याने आदर्श म्हणून समोर ठेवला होता. जगभरच्या हौशी आणि व्यवसायी संगीतकारांनी हे लहानसे वाद्य आपलेसे केले. ते केवळ फुकट मिळते एवढ्यानेच हे घडले नाही. त्याचा साधेपणा हे त्याचे खरे आकर्षण होय.

या वाद्याच्या सर्व खुंट्या पडद्यावर एकाच फलकावर मांडलेल्या दिसतात, आणि त्यांच्या मांडणीत ध्वनिशास्त्राचा क्रम आहे. प्रथम येतो ऑसिलेटर. तो मूळ तरंग उत्पन्न करतो. त्यानंतर फिल्टर; तो गाळणीप्रमाणे काही उपस्वर जाऊ देतो व काही अडवितो. शेवटी ध्वनीचा जोर ठरविणारा वर्धक येतो. स्वराचा आरंभीचा चढ, त्यानंतरचा उतार, मधला ठहराव आणि कळ सोडल्यावर होणारा विलय या चार अवस्था चार खुंट्यांनी ठरतात. चढ झटपट आणि ठहराव शून्य ठेवला, तर तार छेडल्यासारखा आवाज निघतो. चढ संथ ठेवला, तर गजाने वाजविलेल्या वाद्याचा भास होतो.

शिक्षकांस वर्गात करून दाखविता येईल असा एक प्रयोग पुढीलप्रमाणे आहे. एकच ऑसिलेटर चालू ठेवून करवतीच्या दात्यांसारखा तरंग निवडावा आणि गाळणी पूर्ण उघडी ठेवावी. स्वर कर्कश लागतो. कारण या तरंगात मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सर्व उपस्वर असतात, व त्यांचा विस्तार अनुक्रमे निम्मा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असा घटत जातो. आता गाळणी हळूहळू मिटत आणावी. वरचे उपस्वर एकेक करून गळतात आणि अखेरीस बासरीसारखा मवाळ स्वर शिल्लक राहतो. नंतर चौरस तरंग निवडावा. त्यात केवळ विषम उपस्वर असल्यामुळे आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या स्वरांच्या वळणावर जाणारा, वाटतो. शेवटी पुन्हा करवती तरंग घेऊन दुसरा ऑसिलेटर चालू करावा व तो पहिल्याहून किंचित चढा लावावा. मूळ स्वरात सेकंदाला एक विस्पंद पडत असेल, तर दुसऱ्या उपस्वरात दोन, तिसऱ्यात तीन पडतात. त्यामुळे एकाच वाद्याऐवजी अनेक वाद्ये एकत्र वाजत असल्यासारखे वाटते. पुस्तकात चार पाने व्यापणारा विषय अशा रीतीने चार मिनिटांत कानी पडतो.

संगीतकाराला या साधेपणाचा लाभ आणखी एका प्रकारे होतो. शेकडो खुंट्या असलेल्या मोठ्या आज्ञावलीत इष्ट ध्वनी शोधता शोधता मनातील चाल विरून जाण्याचा संभव असतो. येथे खुंट्या मोजक्या, त्यामुळे हात लवकर बसतो. शिवाय आज्ञावली हलकी असल्याने जुन्या संगणकावरही तिच्या अनेक प्रती एकाच वेळी वाजविता येतात. साधने अपुरी असलेल्या विद्यार्थ्याला ही गोष्ट थोडी नव्हे.

तथापि येथे एक भेद ध्यानी ठेवला पाहिजे. विनामूल्य वस्तू मुक्त असतेच असे नाही. सिंथ-वनची मूळ आज्ञावली प्रसिद्ध झालेली नाही. तिची दुरुस्ती व पुढील वाढ तिच्या कर्त्यावरच अवलंबून आहे. याउलट ‘सर्ज’ या संश्लेषकाची गोष्ट आहे. तो प्रथम विक्रीसाठी काढलेला होता. २०१८ साली त्याचे कर्ते क्लास योहान्सन यांनी त्याची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली, आणि स्वयंसेवकांनी ती पुढे वाढविली. स्वरांच्या मांडणीची फाइल वाचून त्याप्रमाणे पट्ट्यांचे स्वर बदलण्याची सोय त्यात याच काळात आली.

भारतीय संगीताच्या दृष्टीने या सोयीचे मोल मोठे आहे. कळा असलेले संश्लेषक सामान्यतः सप्तकाचे बारा समान भाग करून चालतात. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर अशा वाद्यावर शुद्ध गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा येतो. तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार मात्र ५:४ या प्रमाणाने बरोबर ३०० कंपनांचा असतो. जाणत्या कानाला हा फरक खुपतो. आज्ञावली खुली असेल, तर ती आपल्या स्वरांना अनुकूल करून घेण्याचा मार्ग आपल्याच हाती राहतो.

म्हणून आरंभासाठी साधे वाद्य घ्यावे आणि त्याची प्रत्येक खुंटी कानाने तपासावी. आवाज का बदलला हे एकदा उमगले, म्हणजे कोणताही मोठा संश्लेषक परका वाटत नाही; आणि ज्याला आज्ञावली लिहिता येते, त्याला पुढचे वाद्य स्वतः घडविण्याचीही वाट मोकळी असते.