ब्रॉयलर पिल्लांचा पहिला आठवडा : ऊब, पाणी आणि खाद्य

मांसासाठी पाळावयाची ब्रॉयलर कोंबडी साधारणतः सहा आठवड्यांत विक्रीस तयार होते. म्हणजे तिच्या आयुष्याचा सहावा हिस्सा पहिल्या आठवड्यातच संपतो. ह्या दिवसांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढण्यास वेळ उरत नाही, व नंतर घातलेल्या खाद्याचा पुरेसा मोबदला मिळत नाही.

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात पिवळ्या बलकाचा काही अंश शिल्लक असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते. म्हणूनच पिल्ले दूरवर पाठविता येतात. परंतु ह्यावरून पहिले दोन दिवस पिल्लांस खाद्य नको असे समजणे चुकीचे आहे. खाद्य पोटात गेल्यावरच आतड्यांची वाढ जोमाने होते व शिल्लक बलकही लवकर जिरतो. तग धरणे निराळे आणि वाढणे निराळे.

पिल्ले येण्यापूर्वीच खोली उबदार करून ठेवावी. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर दाटी करू लागली तर ऊब कमी आहे, व दूर जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर ती अधिक आहे, असे ओळखावे. गारठलेले पिल्लू खाद्याकडे फिरकतही नाही.

पिल्ले येताच प्रथम स्वच्छ, फार थंड नसलेले पाणी द्यावे. काही पिल्लांची चोच हलकेच पाण्यात बुडवावी. बाकीची त्यांचे पाहून शिकतात. प्रवासाने थकलेल्या पिल्लांस पाण्यात थोडा गूळ विरघळवून देण्याची पद्धत आहे. मात्र असे पाणी लवकर आंबते, म्हणून ते काही तासांतच बदलावे.

पाण्यापाठोपाठ खाद्य द्यावे. तुसाच्या गादीवर कागद अंथरून त्यावर, तसेच उथळ ताटांत, ते थोडे थोडे व वरचेवर पसरावे. आरंभी मक्याचा बारीक भरडा दिला तरी तो पहिल्या दिवसापुरताच असावा. मक्यात प्रथिने सुमारे ९ टक्केच असतात. ह्या पिल्लांस २२ ते २३ टक्के प्रथिनांचे, बारीक दाणेदार, समतोल खाद्य लागते. ओलसर वा बुरशी लागलेले खाद्य, विशेषतः भुईमुगाची पेंड, मुळीच वापरू नये. त्यातील विषाने यकृत बिघडते.

पिल्लांनी खाल्ले की नाही हे हाताने पाहता येते. दुसऱ्या दिवशी निरनिराळ्या कोपऱ्यांतील वीस पिल्ले घेऊन गळ्याखालील अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली तर सर्व ठीक आहे. कडक लागल्यास पाणी कमी पडले, व रिकामी असल्यास ऊब, उजेड किंवा भांड्यांची मांडणी ह्यांत दोष आहे, असे समजावे.

सातव्या दिवशी काही पिल्लांचे वजन करावे. जन्मतः ४० ते ४५ ग्रॅम असलेले पिल्लू ह्या वेळी सुमारे चौपट भरले पाहिजे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चाचणी शेतकऱ्यांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावी व वजने वहीत लिहून ठेवण्यास सांगावे. त्यामुळे पुढील खेपेस दोष वेळीच दूर करता येतील.