वजन 92 किलो, बूट 190 ग्रॅम: पातळ सोलचे रनिंग शूज जड माणसाला चालतात का?

चंद्रपुरात उन्हाळ्यात पळायचं तर पहाटे पाचलाच मैदान गाठावं लागतं. तेव्हा तिथे पोलीस भरतीचे पोट्टे 1600 मीटर मारत असतात, म्हणजे 400 मीटरच्या चार राउंड. त्यातला एक जण माझे जाड बूट बघून म्हणाला, "दादा, पायाले विटा बांधून काहून पळता?"

झालं! त्याच रात्री मिनिमलिस्ट शूज ऑर्डर केले.

हे बूट म्हणजे नेमकं काय? सोल पातळ, गादी जवळपास नाही, बूट सहज वाकतो. मुख्य फरक 'ड्रॉप'चा, म्हणजे टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे त्याचा. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये हा फरक साधारण 8 ते 12 मिलिमीटर असतो, यांच्यात शून्य ते चार. 2009 साली क्रिस्टोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' आलं आणि अशा बुटांची लाटच आली. पुढे पाच बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत, आरोग्याला फायदा होतो हा दावा सिद्ध न करताच जाहिरात केली म्हणून खटला झाला. 2014 मध्ये कंपनीने 37.5 लाख डॉलर देऊन तो मिटवला.

आता गणित बघा. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या साधारण अडीच पट जोर येतो. माझे 92 किलो, म्हणजे 230 किलोंच्या आसपास. पाच किलोमीटरला माझी साडेसहा हजार पावलं होतात. गादी काढली म्हणून हा जोर गायब होत नाही, तो फक्त जागा बदलतो. टाच खाली आली आणि चवड्यावर पडायला लागलो की गुडघ्याला थोडा आराम मिळतो, पण पोटरी, टाचेमागची शीर आणि पावलाची बारीक हाडं जास्त राबतात.

ऑस्ट्रेलियात 61 रनर्सवर 26 आठवडे अभ्यास झाला, तो 2017 मध्ये छापून आला. त्यात साधारण 71 किलोंच्या पुढे वजन वाढत गेलं तशी पातळ बुटांत दुखापतीची शक्यताही वाढत गेली. 86 किलोंच्या आसपास ती साध्या बुटांच्या तिपटीपर्यंत होती. मी हे वाचलं कधी? दुखल्यावर!

पहिल्याच दिवशी मी तीन किलोमीटर पळालो. दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागला, इतक्या पोटऱ्या भरल्या. तिसऱ्या आठवड्यात पावलाच्या वरच्या बाजूला एका जागी बोट लावलं तरी कळ यायला लागली. डॉक्टरांनी पळणं बंद करायला सांगितलं. अशी एकाच ठिकाणची कळ अंगावर काढू नका, हाडाला बारीक तडा जात असू शकतो.

"गडचिरोलीतली पोरं तर अनवाणी पळतात," असं कोणीतरी म्हणणारच. अहो, त्यांचे पाय लहानपणापासून मातीवर घडलेत, आणि त्यांची अंगकाठी बघा. मी दहा वर्षं खुर्चीत बसून कोड लिहिलंय. शिवाय आपल्याकडची गिट्टी आणि गोखरूचे काटे पातळ सोलमधून थेट भेटतात.

सहा आठवड्यांनी परत सुरुवात केली. या वेळी मोबाईल कामाला लावला. मित्राला मागून स्लो मोशन व्हिडिओ काढायला लावला, तेव्हा कळलं की मी पातळ बुटातही टाचच आपटत होतो. फोनमधला ॲक्सेलरोमीटर शरीराचे हेलकावे मोजतो, त्यावरून रनिंग ॲप मिनिटाला किती पावलं पडली ते दाखवतं. माझी 152 होती, आता 162. पावलं छोटी आणि भरभर टाकली की पाय शरीराखाली पडतो, धक्का कमी बसतो. अंतरासाठी मात्र दाट झाडीतल्या रस्त्यावर जीपीएसच्या भरवशावर राहू नका, पानांमुळे सिग्नल भरकटतो. मैदानावरच्या राउंड मोजा. तसंही मूल रोडच्या जंगलात अंधारात एकट्याने पळायला जाऊ नये, वाघ तुमचा पेस विचारत नाही.

आता आठवड्यातून दोनदा, जाड बुटातलं पळणं संपल्यावर, पातळ बुटात एकच राउंड मारतो. दर दोन आठवड्यांनी एक राउंड वाढते, दुखलं तर वाढत नाही.

भरतीची तारीख दोन महिन्यांवर असेल आणि वजन ऐंशीच्या पुढे असेल, तर आत्ता बूट बदलू नका. त्या पोट्ट्याला मी हेच सांगितलं. तो हसला. त्याचं वजन 58 आहे.