दहावा माणूस

नगर जिल्ह्यातल्या गोरगरिबांच्या घरात पुण्याचे ससून ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. नगरला भागले नाही की ससून, ही आपल्याकडची रीतच आहे. काही वर्षांपूर्वी आम्हीही मेव्हण्यांना घेऊन तारकपूर स्टँडवरून असेच निघालो आणि अकरा रात्री तिथल्या व्हरांड्यात चादर टाकून काढल्या. त्या अकरा दिवसांत 'ससून' हा शब्द आम्ही कितीदा तरी उच्चारला, कागदांवर लिहिला. पण ससून हा कोणी माणूस होता की काय, हा प्रश्न काही डोक्यात आला नाही. तो आला मेव्हणे बरे होऊन सावेडीला परतल्यावर. मग वाचायला घेतले आणि वाचता वाचता एका वेगळ्याच समाजाच्या दारात जाऊन पोहोचलो. त्याचीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डेव्हिड ससून हे बगदादचे ज्यू व्यापारी. तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या जाचाला कंटाळून देश सोडला आणि १८३० च्या दशकात मुंबईत येऊन स्थिरावले. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले. ते पाहायला ते स्वतः राहिले नव्हते. १८६४ मध्येच पुण्यात वारले. पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात त्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या आवारात त्यांची कबर आहे. या घराण्याच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा पैसा मोठा होता, हेही लिहिले पाहिजे. दान मोठे असले म्हणून हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे आमच्यासारख्या कारकुनाला जमत नाही.

पण आम्हाला धनवंतांविषयी लिहायचे नाही. ज्याच्याजवळ आहे तो देतो, त्यात नवल ते काय? लिहायचे आहे ते आपल्यासारख्याच पगारदार, कष्टकरी आणि आपलीच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांविषयी.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचा आपला वंश, असे हे लोक परंपरेने सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावे गावांवरून : केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. त्यांतल्या सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्राएल आपल्या मंदिराला मराठीत मशीदच म्हणत. लोकलच्या मस्जिद स्टेशनाचे नाव याच जुन्या मशिदीवरून पडले असे सांगतात. तिथे रोज उतरणाऱ्या आपल्या किती माथाडी बांधवांना हे ठाऊक असेल?

या मंदिरांचा कारभार पाहणाऱ्यांची नावे वाचून आम्हाला गंमत वाटली. प्रमुख तो मुकादम, मदतीला चौगुले, खजिना पाहणारा गबाई, झाडलोट आणि दिवाबत्ती पाहणारा समास. दोन शब्द हिब्रूकडून आलेले, दोन थेट आपल्या गावगाड्यातले. मुकादम आणि चौगुला म्हटले की आपल्या वाडवडिलांना वेठ आठवायची. इथे मुकादम म्हणजे समाजाचे काम अंगावर घेणारा माणूस.

त्यांच्या धर्मनियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ असले तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. इस्राएल देश झाल्यावर हजारो कुटुंबे तिकडे गेली. १९५० च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता काही हजारांवर आला आहे, आणि तो मुख्यतः मुंबई-ठाण्यात आहे. अलिबागच्या इस्राएल आळीत किंवा पेण, रेवदंड्याला दहाचा आकडा जुळवणे किती कठीण झाले असेल, याची कल्पना करावी. अशा ठिकाणी नुसते येऊन बसणे हीच सेवा. पैसा नको, भाषण नको. तुम्ही आलात तर दहा होतात, नाही आलात तर आलेल्या नऊ जणांचेही अडते. (या दहांत बायका मोजत नाहीत, हे आम्हाला पटलेले नाही. सुधारणावादी मंदिरांनी हा नियम सोडला आहे.)

दुसरे काम आजाऱ्याच्या भेटीचे. हिब्रूत त्याला 'बिक्कुर होलिम' म्हणतात. जगभरातल्या ज्यू मंडळ्यांत या कामासाठी स्वयंसेवकांचे गट असतात. भेटीला जाणारा माणूस दुखण्याचा साठावा हिस्सा घेऊन जातो, असे तालमूद या त्यांच्या ग्रंथात आहे. साठ माणसे गेली की आजार संपला, असा हिशेब कोणी मांडू नये. तालमूदमध्येच त्याला उत्तर दिलेले आहे, की प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो. बी. कॉम. झालेल्या माणसाला हे लगेच कळते; घसारा असाच काढतात. आणि व्हरांड्यात अकरा रात्री काढलेल्या माणसाला तर अधिकच कळते. त्या रात्रींत आमच्याकडे दोघे जण आले होते. एकाने डबा आणला. दुसऱ्याने काही आणले नाही, फक्त म्हणाला, "तुम्ही तीन तास झोपा, मी बसतो." त्या तीन तासांचे मोल आम्ही अजून फेडलेले नाही.

तिसरे काम मयताचे. मृतदेहाला आंघोळ घालणे, कफन नेसवणे, पुरणे, हे काम समाजातले स्वयंसेवक करतात. या सेवेला ते खरी दया म्हणतात, कारण मेलेला माणूस उपकार फेडू शकत नाही. यामागची एक कथा आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. प्राचीन काळी मयताचा थाटमाट इतका वाढला की खर्च झेपेना म्हणून नातेवाईक प्रेत सोडून पळू लागले. तेव्हा रब्बान गमालिएल या मान्यवर गुरूंनी स्वतःला साध्या तागी कापडात पुरण्यास सांगितले. तेव्हापासून श्रीमंत असो की गरीब, कफन साधेच. पत राखण्यासाठी कर्ज काढून कार्ये करणारी घरे सावेडीतच आम्ही बोटावर मोजून दाखवू.

दानाला हिब्रूत 'त्सेदाका' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे तो न्यायाचा. देणाऱ्याने मेहेरबानी केली असे नाही, घेणाऱ्याचे होते ते त्याला दिले. शेत कापताना कोपरे तसेच ठेवावेत आणि खाली पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांची आणि परक्यांची, असा त्यांच्या धर्मग्रंथाचा दंडक आहे. आम्ही हे वाचले आणि पुस्तक बाजूला ठेवले. आमची आई बाजरीचा सरवा वेचायला जायची. मालक धावून आला की पदरातली कणसे तिथेच टाकून पळायची. तोच सरवा कुठेतरी गरिबाचा हक्क म्हणून लिहून ठेवलेला होता, हे तिला सांगायला ती आता नाही. बाराव्या शतकातील मैमोनिदीस या पंडिताने तर दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या. सर्वांत वरची पायरी कोणती? काम द्यावे, कर्ज द्यावे, भागीत घ्यावे. पुन्हा हात पसरावा लागू नये.

कमाईचा दहावा भाग काढून ठेवण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात आपल्याकडे विसावाच हिस्सा मागितला होता. त्याचा हिशेब ज्याने त्याने आपापल्या घरी करावा.

आता आपल्या नगरची गोष्ट. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रूचे नागरिक म्हणून पकडून नगरच्या छावणीत आणून ठेवले. त्यांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यूही होते. ज्यांच्या भीतीने पळाले, त्यांच्याच पक्षाच्या लोकांबरोबर एका तारेच्या कुंपणात! मुंबईत १९३४ पासून ज्यू रिलीफ असोसिएशन ही संस्था निर्वासितांसाठी काम करीत होती. हे लोक सरकारवर भार होणार नाहीत अशी हमी ती देत असे. या कैदेतल्यांसाठीही संस्थेने शब्द टाकला, सरकारी चौकशी झाली आणि पुष्कळ जण काही महिन्यांत सुटले. अनोळखी माणसासाठी जामीन राहणे ही केवढी सेवा, हे सोसायटीच्या कर्जाला जामीन शोधत हिंडलेल्यांना सांगायला नको.

ही सेवा आपल्या जातभाईंपुरतीच होती का? डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आपल्या माताभगिनींना माहीत असायला हवे. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावचे. विलायतेत शिकून त्या मुंबईच्या कामा रुग्णालयात आल्या आणि १९२८ ते १९४७ अशी एकोणीस वर्षे त्याच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, याची त्यांनी चौकशी करून अहवाल लिहिला. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच बाईंनी १९२५ मध्ये ज्युईश रिलिजियस युनियन ही सुधारणावादी मंडळी उभारण्यात पुढाकार घेतला. म्हणजे दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळात समाज. तसेच माझगावची सर एली कदुरी शाळा : हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये आपल्या समाजाच्या मुलांसाठी काढलेली. समाज पांगला, पण शाळा चालू राहिली; आज तिथे शिकणारी बहुतेक मुले ज्यू नाहीत.

सगळे गोड नाही. बेने इस्राएलांतही गोरे आणि काळे असा भेद होता. बगदादी ज्यू या मराठी ज्यूंना आपल्या बरोबरीचे मानायला तयार नसत. इस्राएलला गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने यांच्या विवाहसंबंधांवर शंका घेतली, तेव्हा यांना चळवळ करावी लागली आणि १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचे मान्य झाले. आपली माणुसकी कागदावर सिद्ध करून दाखवण्याचा हा जाच आपल्याला काही नवा नाही.

हे सारे आम्ही आमच्या मंडळाच्या बैठकीत सांगितले. जयंतीच्या मिरवणुकीला आमच्याकडे पाचशे माणूस असते. दोन वर्षांपूर्वी नगरच्या सरकारी दवाखान्यात रात्रपाळीने बसायला म्हणून चाळीस नावांची यादी केली होती. पहिल्या आठवड्यात चौघे आले, तिसऱ्यात आम्ही एकटे. यावेळी चाळीसची यादी केलीच नाही. दहाच नावे हवीत म्हणून सांगितले, प्रत्येकाची रात्र ठरलेली, आणि न येणाऱ्याने बदली द्यायची. नऊ नावे त्याच रात्री झाली. दहावे नाव पाइपलाइन रोडला धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी दुसऱ्या दिवशी आमच्या घरी येऊन दिले. म्हणाल्या, "बायांच्या वॉर्डात तुमचे गडी काय बसणार?" त्यांची रात्र गुरुवारची आहे.